टर्बो गेला होता

गगनबावडा
४ ऑक्टोबर २०२३

प्रिय गौस यास स.न.वि.वि.

कान गेल्यापासून फोनात नुसती घरघर ऐकू येते, म्हणून हे पत्र. गाडी टेम्पोवर बांधून तुझ्या गॅरेजला धाडली आहे.

बयाबाईला जाऊन महिना झाला. वैभववाडीला माहेरी असताना तिच्या छातीत कळ आली. मी आणि यशराज तिला याच गाडीतून कोल्हापूरला आणत होतो. घाटात गाडीतला जोरच गेला, मुंगीसारखी चढली. वर येईस्तोवर सगळं संपलं होतं. तेराव्याला चार माणसांत यशराज म्हणाला, टर्बो गेलाय असं इथल्या मेकॅनिकनं बाबांना कधीचं सांगितलं होतं, त्यांच्या चालढकलीनं आई गेली. पुण्याला गेला तो गेलाच. पोराचा फोन नाही, चिठ्ठी नाही.

माझ्या हातून खरंच तसं झालं का, एवढं बघ. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको.

लोभ आजवर होता तेवढा राहू दे.
तुझा,
जोतीराम


उद्यमनगर, कोल्हापूर
९ ऑक्टोबर

प्रिय जोत्या, सलाम आणि नमस्कार दोन्ही.

तुझी गाडी टेम्पोवरून उतरवताना पोरं म्हणाली, चाचा, ही भंगारात घाला. म्हटलं, म्हातारी हाय, पण अजून तुमच्यापेक्षा दमाची हाय. वहिनी असत्या तर हसल्या असत्या. मला जेवल्याशिवाय त्यांनी कधी उंबरा ओलांडू दिला नाही. आता तुझ्याकडं यायचं तर पाय उचलत नाही बघ.

मुद्द्याचं ऐक. टर्बो ठणठणीत आहे. मी कान देऊन ऐकला, शिट्टी स्वच्छ, एकसारखी. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो; कॉम्प्युटर लावणाऱ्याला तो दाब कमी दिसला, की तो टर्बो गेला म्हणून मोकळा. दाब कशानं कमी, हे कोण विचारत नाही. मी पेडल केसाकेसानं दाबत गेलो, तर एका जागी इंजिन दम खातं. मग थ्रॉटल सेन्सरला माझा जुना काट्याचा मीटर लावला. पेडल किती दाबलंय हे इंजिनाला कळवणारी ही एवढीशी डबी. दाबत जाऊ तसा काटा वर चढत जायला पाहिजे. अर्ध्याच्या जरा अलीकडं तो धपकन पडतो. आत तेवढीच जागा झिजलीय. इंजिनाला वाटतं, ह्यानं पाय उचलला. पुढं दाबलं की परत जोर येतो.

म्हणजे टर्बो बदलला असतास तरी घाटात हेच झालं असतं. तुझा दोष न्हाय, गड्या. नवा सेन्सर मागवलाय. तो आला की यशराजला मीच फोन करून हे सगळं सांगतो. पोरगं भडकू आहे, पण खोटं नाही.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा गौस


गगनबावडा
१३ ऑक्टोबर

प्रिय गौस यास स.न.वि.वि.

यशराजला फोन केला नसशील तर करू नको.

पुढं दाबलं की जोर येतो, असं तू लिहिलंस. मी दाबत होतो रे. पण जोर आला की गाडी हिसका द्यायची आणि बयाबाई कळवळायची. यशराज मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. माझ्या खांद्याला धरून ओरडत होता, बाबा, हळू, हळू, आईला सोसत न्हाय. तेवढं मला ऐकू आलं. मग जिथं हिसका बसत नव्हता तिथंच मी पाय धरून ठेवला.

नुसतं पेडल दाबायचं होतं, हे कळल्यावर त्या पोराला पहिल्यांदा काय आठवेल, सांग. तो जगायचा नाही. टर्बोच गेला होता असं त्याला सांग. बाप नालायक निघाला, एवढं त्याला सोसतं. मलाही सोसेल.

एवढं केलंस तर आणखी काही मागणार नाही.
जोतीराम


उद्यमनगर, कोल्हापूर
१८ ऑक्टोबर

प्रिय जोत्या,

सेन्सर यायचा होता म्हणून फोन राहिला होता. अल्लाची मेहरबानी. काल यशराजला लावला. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो, तर त्यानंच विचारलं, चाचा, गाडी उघडली का. म्हटलं, उघडली, टर्बो पार गेला होता. चांगल्या टर्बोला वाईट म्हणणाऱ्यांशी मी जन्मभर भांडलो. काल ते माझ्याच तोंडून निघालं.

त्याचं समाधान होईना. नक्की टर्बोच का, आणि बाबांनी पेडल आणखी दाबलं असतं तर, असं त्यानं दोनदा विचारलं. जोत्या, त्याला संशय होताच. मी म्हटलं, कितीही दाबलं असतं तरी चढली नसती.

 तुला ऐकू आलं नसतं, मला आलं. डोक्यावरचं पोतं खाली टाकल्यावर माणसाचा सुटतो तसा त्याचा श्वास सुटला, आणि मग तो रडला. नंतर तुझ्याबद्दल जे बोलला ते लिहीत नाही. मी ऐकून घेतलं.

गाडी रविवारी मीच चालवत आणतो. वर्षश्राद्धाला तरी येशील ना, असं त्याला विचारून बघितलं. बाबा असेपर्यंत नाही, म्हणाला.

तुझ्या मनासारखं झालं.

गौस