सहाव्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय चिमणे,

तू मुख्य कचेरीत गेलीस त्याला पाच महिने झाले. मी एकदाही फोन केला नाही. कामाचा व्याप वगैरे काही नव्हता, मी तुझ्यावर जळत होते. कैद्याशी कसं बोलायचं हे तुला मी शिकवलं, आणि तूच माझ्यादेखत साहेबांना म्हणालीस की नुसत्या अंदाजावर कुणाची सुटका अडवणं बरोबर नाही. नाव घेतलं नाहीस, पण रोख कळला. बावीस वर्षं मी कैद्यासमोर बसून, आईचा विषय काढल्यावर तो कुठे बघतो, यावरून सांगत आले होते की हा पुन्हा गुन्हा करेल की नाही. शितावरून भाताची परीक्षा. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना ऐकवलंही, की आम्ही काही उन्हात केस पांढरे केले नाहीत.

मग तुझा तक्ता आला. चौदा प्रश्न, प्रत्येक उत्तराला पुरावा. दोघींनी एकमेकींना न विचारता गुण भरायचे, आणि फरक पडला तर समोरासमोर बसून तो का पडला ते शोधायचं. साहेब तुझं कौतुक करताना थकेनात. माझ्या अहवालांना बावीस वर्षांत 'ठीक' यापलीकडे शेरा मिळाला नव्हता. खरं सांगते, तो तक्ता चांगला होता, म्हणूनच जास्त झोंबला. वाईट असता तर मी हसून सोडून दिला असता.

पहिलंच प्रकरण त्या सुताराचं. भागीदाराच्या डोक्यात हातोडी घातलेला, सहा वर्षं आत काढलेला, गेली चार वर्षं एकही तक्रार नसलेला. तुरुंगातली मुलाखत तू घेतलीस, त्याच्या बहिणीच्या घरी मी जाऊन आले. सहावा प्रश्न होता, बाहेर आल्यावर याला कोण सांभाळेल? तू बहिणीच्या पत्रावरून पूर्ण गुण दिलेस, मी शून्य दिलं. आपण फरक शोधायला बसलो. मी नियमाप्रमाणे भेटीची टिपणं पुढे करायला हवी होती. नुसतं म्हटलं, "पत्रात काय, कुणीही गोड लिहितं. मला तोंडावर नाही म्हणाली." तू माझ्याकडे पाहिलंस आणि टिपणं मागितलीच नाहीस. "ताई, तुम्ही स्वतः जाऊन आलात, तुमचंच खरं," असं म्हणून तू आपला आकडा खोडलास. मी जिंकले, चिमणे. घरी जाताना गाणं गुणगुणत गेले, इतकी मी हलकट.

बहीण नाही म्हणाली नव्हती. तिने मला मागची खोली उघडून दाखवली होती. शिलाईचं यंत्र बाहेरच्या खोलीत हलवलं होतं, भावासाठी खाट आणली होती, आणि जवळच्या फर्निचरवाल्याकडे त्याच्या कामाचं बोलून ठेवलं होतं. "तुम्ही फक्त चांगलं लिहा हं," एवढंच म्हणाली. हे सगळं माझ्या टिपणांत आहे.

आज तुझं परिपत्रक आलं. नातेवाइकांचा शब्द भरवशाचा नसतो असं पहिल्याच प्रकरणात दिसलं, म्हणून सहावा प्रश्न सगळीकडून वगळावा, असं तू लिहिलं आहेस. वगळू नकोस. प्रश्न बरोबर होता, तुझं उत्तरही बरोबर होतं. खोटी मी होते. टिपणं आणि माझा लेखी जबाब मघाशीच सुटका मंडळाकडे दिला, साहेबांनाही सांगितलं. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पण हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून लिहिते आहे. आणखी एक. काल तुरुंगाच्या फाटकाशी ती बहीण भेटली. सहा महिने दर रविवारी येते, आणि तो भेटायला बाहेर येत नाही, पत्रं न फोडता परत पाठवतो. "बाई, माझं काय चुकलं?" असं तिने मलाच विचारलं. सुटका नाकारल्याचं कारण त्याला लेखी दिलं होतं: 'बहिणीने ठेवून घेण्यास नकार दिला.' ते वाक्य माझं आहे.

तुझीच, म्हणू दिलंस तर,
ताई