दहाच्या दहा बोटं

ताई,

सिंकमध्ये पाच ताटं, सात वाट्या आणि एक करपलेली कढई होती. सगळं घासून ठेवलंय. "महाराणी, ठसे देईपर्यंत बोटसुद्धा ओलं करायचं नाही," असं ओरडू नकोस. दिले ठसे! या देशात कायम राहण्याच्या परवान्यासाठी गेले तेव्हा ठसे उमटत नाहीत म्हणून मला दोनदा परत पाठवणारी तीच बाई आज हसून म्हणाली, "या वेळी बोटं घेऊन आलात!" यंत्राने दहाच्या दहा एका दमात घेतली. प्रयोगशाळेतल्या अ‍ॅसिटोनने झिजलेली कातडी महिनाभरात खरंच भरून आली. आईला अजून सांगितलं नाही, संध्याकाळी दोघी मिळून फोन करू.

पुढच्या महिन्यात तुझे ठसे आहेत, आणि हॉटेलातली भांडी कमी होती म्हणून की काय, माझ्या वाट्याचीही तूच घासलीस. आजपासून सिंक माझं. तू कामावर हातमोजे घाल आणि झोपताना व्हॅसलीन लाव. "माझ्या बोटांना काय धाड भरलीये!" म्हणशील, म्हणून तुझा सकाळचा पाण्याचा पेला मी भिंगाखाली पाहिला. त्यावर उजव्या हाताची पाचही बोटं टेकली होती. रेषा दिसल्या फक्त दोन बोटांच्या.