गाळलेलं नाव

प्रिय विक्रम,

बरकतपुऱ्याहून तारनाका चालत तासाभरावर आहे, तरी पत्र लिहितो आहे. तुझ्या दारात उभं राहायला मला तोंड नाही. तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

तू ख्रिस्ती होऊन, भाग्यलक्ष्मीशी लग्न करून घर सोडलंस तेव्हा तिने तुझ्या आईला दिलेलं मराठी बायबल मी टाकून द्यायला सांगितलं होतं. आईने ते दहा वर्षं लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवलं. दुपारी मी झोपलो की दोन-चार ओळी वाचायची, मग पुस्तक मिटून बसून राहायची. देव्हाऱ्यातला दिवाही कधी चुकवला नाही. गेल्या वर्षी साखरेने तिची नजर गेली, तेव्हा हे सगळं सांगून पुस्तक तिने माझ्या हातात दिलं.

मी शाळेत धडा उरकावा तसं वाचायचो. अमक्याला अमका झाला, त्याला तमका, अशी नावांची पानं आली की उलटायचो. तिच्या लगेच लक्षात यायचं. एकदा म्हणाली, मास्तर, पोरांची हजेरी अशीच घेत होतात का? मी म्हटलं, या मेलेल्या माणसांच्या नावांत काय आहे? म्हणाली, प्रत्येकाला कुणीतरी जेवायला हाक मारली असेल. मग थोड्या वेळाने म्हणाली, वैशालीच्या लग्नपत्रिकेत तिच्या सख्ख्या भावाचं नाव तुम्ही गाळलंत. मी तेव्हा बोलले नाही.

त्यानंतर मी एकही नाव गाळलं नाही. सावकाश वाचू लागलो आणि ओळीओळीपाशी अडकू लागलो. तुझ्याशी भांडताना ज्या ओळींना मी हसलो होतो, त्या आता मला विचारतात, मुलगा कुठे आहे?

पाडव्याला तिचं अंग लुळं पडलं, वाचा गेली. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. वाचताना मी चुकलो की ती ते उचलायची. रविवारपासून ते उठेनासं झालं. मी मुद्दाम ओळी गाळल्या. काल अख्खं पान गाळलं. बोट पांघरुणावर तसंच. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवस.

आज सकाळी पुन्हा नावांचं पान आलं. शेवटच्या नावानंतर मी तुझं घेतलं, अकरा वर्षांनी, मोठ्याने. बोट उठलं. चूक दाखवायला की हाक ऐकून, मला कळलं नाही. तेव्हापासून तुझंच नाव घेतो आहे. ते पुन्हा उठत नाही.

हे पत्र घेऊन आलेले नामदेवराव आपले शेजारी आहेत. खाली ऑटोत थांबतील. दोघंही या. मी समोर नको असेन तर जिन्यात बसेन. पुस्तक तिच्या उशाशी उघडं ठेवलं आहे. पुढचं तू वाच.

तू म्हणशील तर अजून तुझाच,
अण्णा