न वाचलेला कागद

टेमघर, भिवंडी
१४ जुलै

प्रिय हिरामण,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत, तुझे भाऊजी बरे आहेत, मीही बरी आहे आणि मुख्य म्हणजे माझा गुडघाही बरा आहे. खरं सांगायचं तर तो बिचारा कधी दुखतच नव्हता. गेल्या वर्षी मी नारळी पुनवेला आले नाही, गौरीला आले नाही, भाऊबीजेला ओवाळणीचं सामान माझ्या क्षितिजाच्या हातून पाठवलं आणि दर वेळी गुडघ्याचं नाव पुढे केलं. तू अंबाडी गावच्या कुठल्याशा वैद्याकडून लेप आणून पाठवलास. तो मी तुझ्या भाऊजींच्या पाठीला लावला, त्यांना चांगला गुण आला. हे वाचून तू आधी हसशील आणि मग तुझ्या लक्षात येईल, गुडघा खोटा तर ताई वर्षभर आली का नाही? तेच सांगायला बसले आहे. जरा पाल्हाळ होईल, पण आज मला इतकं हलकं वाटतंय की मला कुणी आवरू नये.

आमची पुस्तकभिशी तुला माहीत आहे, निदान तिची चेष्टा करण्यापुरती तरी. आम्ही सातजणी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी जमतो, चिठ्ठी काढतो आणि जिचं नाव निघेल ती सांगेल ते पुस्तक सगळ्यांनी महिनाभरात वाचायचं. नाही म्हणायचं नाही, एवढाच नियम. जी वाचून येणार नाही तिनं सगळ्यांना भजी करून घालायची. चार वर्षांपूर्वी मी यात शिरले तेव्हा फक्त रहस्यकथा वाचायचे, त्याही शेवटचं पान आधी बघून. या बायकांनी माझ्या हातात काय काय दिलं म्हणून सांगू! मधमाश्यांवरचं पुस्तक, एका नटीचं आत्मचरित्र, हिमालयातलं प्रवासवर्णन, भुताच्या गोष्टी, खाडीकाठच्या जुन्या बंदरांचा इतिहास, आकाशातल्या ताऱ्यांचं एक पुस्तक (त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं आणि उरलेल्या निम्म्यासाठी मी आठवडाभर गच्चीवर मान वर करून फिरत होते). आता मला औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय राहवत नाही. तुझे भाऊजी म्हणतात, हिच्यासमोर किराणामालाची यादी ठेवली तरी शेवट काय होतो ते विचारील.

तशी ही सवय आपल्या लहानपणीचीच. आठवतं का, बाबा बाजारातून सामान आणायचे ते वर्तमानपत्रात बांधलेलं असायचं. आय पुड्या सोडायची आणि मी ते कागद मांडीवर सपाट करून तुला वाचून दाखवायचे. तू बांधावर चिंबोऱ्या शोधत असायचास, पण कान इकडे. गोष्ट हमखास मध्येच फाटलेली असायची आणि तू हातातली चिंबोरी टाकून विचारायचास, “पुढं काय झाला, ताय?” मग पुढचं मी मनानं रचून सांगायचे. किती राजे आणि किती चोर मी तुझ्यासाठी मारले आणि परत उठवले, त्याचा पत्ता नाही. पुढची गोष्ट मनानं रचायची माझी ती खोड अजून गेलेली नाही. वर्षभर ती तुझ्याबाबतीतच चालली होती.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी चैत्रात, बाबांचं वर्षश्राद्ध झाल्यावर, तू मला गाडीत घालून कचेरीत नेलंस. केवढी गर्दी होती. कुठल्याशा खिडकीपुढे माझा फोटो काढला, अंगठा घेतला. वर कसली पाटी होती तीही मी पाहिली नाही. मग तू कागद पुढे केलास आणि म्हणालास, “ताय, हितं सही कर, आन हितं पन.” मी केली. एक अक्षर न वाचता केली. तुला वाटेल, तेव्हा चष्मा नव्हता. चष्मा पर्समध्ये होता, हिरामण. तो काढायला हात पर्सपर्यंत गेलाही होता, पण मग तू बघशील, तुला काय वाटेल, म्हणून हात मागे घेतला. भावानं पुढे केलेला कागद बहिणीनं वाचायचा नसतो. आपल्याकडे हे कुणी शिकवत नाही, पण सगळ्या बायकांना येतं. बायजाआत्यानं बाबांच्या कागदावर अंगठा दिला तेव्हा तीही वर बघत होती, छपराकडे. मी तिथेच बसले होते. त्या दिवशी बाबांनी तिला साडी घेतली होती आणि पोटभर मासे खाऊ घातले होते.

कचेरीतून परत येताना तूही मला साडी घेतलीस. मोरपंखी, जरीच्या काठाची. मी खूश होऊन घरी आले. पुढे दोन महिन्यांनी भिशीत विद्युल्लताबाईंची चिठ्ठी निघाली. शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्यातल्या सगळ्यात शिस्तीच्या बाई. त्यांनी पुस्तक सांगितलं ते जमिनीचं, वारसाहक्काचं. पिवळं कव्हर, मुंगीएवढी अक्षरं. आम्ही सगळ्याजणी कण्हलो. त्या म्हणाल्या, “कादंबऱ्या रडायला वाचता ना, मग हे न रडण्यासाठी वाचा.” मी बसले वाचायला. आणि पाचव्या प्रकरणात माझा पदर जळतोय असं मला वाटलं. बहिणीचा हक्क, हक्कसोडपत्र, फोटो, अंगठा, सह्या. साडीचोळी देऊन बहिणींच्या सह्या कशा घेतल्या जातात, तेही त्यात होतं. मी पुस्तक मिटलं, कपाट उघडलं आणि ती मोरपंखी साडी सगळ्यात खालच्या कप्प्यात, गोधड्यांच्या मागे ढकलली.

तेव्हापासून माझं जे काही झालं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. इतक्या रहस्यकथा वाचल्यामुळे मला सगळीकडे पुरावे दिसायला लागले. गाडीत तू गप्प होतास, हा पुरावा. तुझ्या सीतेनं त्या दिवशी आग्रहानं जेवायला बसवलं, हा पुरावा. आपल्या शेताच्या तिन्ही बाजूंना गोडाऊन उभी राहिली आणि एजंट तुझ्या ओटीवर येऊन बसतो असं क्षितिजा बोलली, हा तर मोठाच पुरावा. दुखणं जमिनीचं नव्हतं रे. तू मागितलं असतंस तर मी खाडीकाठचं ते खारं शेत हसत सोडलं असतं. दुखणं हे होतं की तू मला सांगितलं नाहीस, मला बायजाआत्या केलंस. आय गेली, बाबा गेले, माहेर म्हणून तू एकटा उरलास आणि तूच असा, हे मला सहन होईना. तुझ्यासमोर आले असते तर तोंडातून काहीतरी निघालं असतं, आणि निघालं असतं ते परत घेता आलं नसतं. म्हणून गुडघा.

आणि मूर्खपणा बघ, सातबारा आता मोबाइलवर दिसतो. दोन मिनिटांचं काम. जी बाई रहस्यकथेचं शेवटचं पान आधी उघडते, तिला वर्षभर ते पान उघडण्याचा धीर झाला नाही. माझं नाव तिथे नसेल तर मी काय करणार होते? तुझ्यावर केस? तुला राखी बांधणं थांबवणार होते? न बघता निदान शंका तरी शिल्लक राहत होती, आणि मी त्या शंकेलाच धरून बसले होते.

मागच्या महिन्यात भिशीत एक कादंबरी आली. दोन भावंडांची. अर्धं पुस्तक बहीण सांगते आणि भावाचा इतका राग येतो की त्याला बुकलून काढावंसं वाटतं. मग पुढचं अर्धं भाऊ सांगतो, तेच दिवस, तीच घरं. वाचता वाचता मी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. वर्षभर मी गोष्टीचा माझा अर्धा भागच वाचत होते, आणि तुझा अर्धा भाग मी स्वतःच लिहून टाकला होता. या महिन्याच्या शनिवारी भिशी माझ्याकडे होती, बायका गेल्यावर मी विद्युल्लताबाईंना थांबवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “निशा, तुम्ही चौथं प्रकरण वाचलं होतं का?” नव्हतं वाचलं. कंटाळवाणं वाटलं म्हणून गाळलं होतं. त्यांनी पिवळं पुस्तक काढून चौथं प्रकरण माझ्यासमोर धरलं. वारसनोंद. मयताच्या सगळ्या वारसांची नावं लावण्यासाठी करायचं प्रतिज्ञापत्र, फोटो, अंगठा, सह्या. नमुनासुद्धा छापलेला होता. मग त्यांनी मोबाइलवर सातबारा काढला. बाबांचं नाव कंसात गेलेलं, खाली हिरामण रामनाथ, आणि त्याच्या खाली निशा प्रितम केणे.

मी ते नाव चार वेळा वाचलं. मग तिथेच पाटावर बसून हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. विद्युल्लताबाई माझ्या पाठीवर हात फिरवत होत्या आणि मला इतकं मोकळं वाटत होतं की मी त्यांना म्हटलं, आज भजी माझ्याकडून, चौथं प्रकरण न वाचल्याबद्दल. साडीचंही तेव्हाच उमगलं. वर्षाचा दुखवटा संपला म्हणून माहेरून पहिली नवी साडी तू घेतली होतीस. साधी रीत, मला ठाऊक असलेली, मीच शेजारणींना समजावून सांगते अशी. ती मला दिसली नाही.

पण गोष्ट इथे संपली नाही. फेरफाराची नक्कल घ्यावी म्हणून मी तलाठ्याच्या ऑफिसात गेले. तिथला कोतवाल दौलत तुला ओळखतो. मला बघून म्हणाला, “तुमचा भाव येगलाच हाय. आमी त्याला सांगतला, बहिनीची हक्कसोड घेऊन टाक, एका खेपेत काम व्हईल. त म्हंतो कसा, तायचा नाव ऱ्हाऊ दे. ती सही करल्याबिगर मना पन इकता येनार न्हाय. माजा मन कनच्या दिशी फिरल, मना काय ठाव?” दौलत हे हसत हसत सांगत होता. मी बाहेर येऊन रिक्षा मिळेपर्यंत पदर डोळ्यांना लावून उभी होते. वर्षभर मी ज्याला चोर ठरवत होते, त्यानं स्वतःचा भरवसा वाटेना म्हणून माझ्या हातात किल्ली देऊन ठेवली होती. आणि तेही मला न सांगता. तूही कमालच करतोस. एक वाक्य बोलला असतास तर माझं वर्ष वाचलं असतं. पण मी तरी कुठे विचारलं?

खरं म्हणजे हे पत्र लिहिण्याची गरज नव्हती. तुला यातलं काहीच ठाऊक नाही. पुनवेला नारळीभात घेऊन हजर झाले असते, गुडघा बरा झाला म्हणाले असते आणि तू सुखानं विश्वास ठेवला असतास. पण परवा क्षितिजा तुझ्याकडून आली ती मला म्हणाली, मामा विचारत होता, “तुज्या आयचा माज्यावं राग हाय का? मी काय केला, ता तरी सांग मना.” ते ऐकल्यापासून चैन पडेना. मी वर्षभर तुझ्यात खोट शोधत होते आणि तिकडे तूही स्वतःत तीच शोधत होतास. ती नव्हती, हिरामण. चूक माझी होती, सगळीच्या सगळी, आणि हे तुझ्याकडे लेखी असावं म्हणून लिहिलं. पुनवेला येते आहे, तेव्हा यावर एक शब्द बोलू नकोस, मला रडू येईल आणि भात बिघडेल. फक्त एक सांगून ठेवते. यापुढे तू कागद आणलास की मी तुझ्यासमोर बसेन, चष्मा लावीन आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचीन. त्याला अविश्वास समजू नकोस. आणि कधी थकून, कुणाच्या नादाला लागून शेत विकायचा कागद घेऊन आलास, तर तोही पूर्ण वाचीन आणि नाही म्हणेन. तेव्हा तू माझ्यावर रागाव, हवं तर वर्षभर येऊ नकोस, गुडघा दुखतो म्हणून सांग. मी लेप पाठवीन.

तुझीच,
निशाताई