नातीच्या चरणी अर्ज

२ जुलै, मंगळवार

थोआचा फोन. शुक्रवारी येते आहे तैवानहून, पोरीला घेऊन. महिनाभर राहणार. जावई येणार नाहीत – कारखान्यात कामं आहेत म्हणे. सात वर्षांनी लेक घरी येते आहे. पेइआन तेव्हा दोन वर्षांची होती, आता नऊची.

आनंद दुपारपर्यंत टिकला. मग न्हाम वहिनींना सांगून बसलो. देवळाच्या दारात त्यांचं उदबत्त्यांचं दुकान माझ्या अर्ज लिहायच्या टेबलाला लागूनच. त्यांना सांगितलं की दवंडी पिटायला नको. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव विचारून गेलं – काय गुरुजी, मग नातीशी कागदावर बोलणार ना?

चूक माझीच. पेइआनला आमची भाषा येत नाही. तिकडच्या आजीला घरात ती बोललेली चालत नाही. लोक यावर हळहळायचे तेव्हा मी ऐटीत सांगायचो – त्यात काय! पूर्वी आपले राजदूत पेकिंगला जायचे, तिथे त्यांना कोरियाचे राजदूत भेटायचे. एकाचं अवाक्षर दुसऱ्याला कळायचं नाही. पण चिनी अक्षरं दोघांची एकच! कुंचला घ्यायचे आणि कागदावर तासन् तास गप्पा मारायचे. मी आणि माझी नात तसंच बोलू.

कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला! आजोबांपाशी दोन हिवाळे अक्षरं गिरवली, एवढंच माझं भांडवल. पुढे शाळा चौथीपर्यंत, आणि तीही रोमन अक्षरांची.

३ जुलै, बुधवार

प्रतिपदा. देवळात गर्दी.

गाव तीन पिढ्या रोमन अक्षरांत लिहितं – प्रेमपत्रं, खताच्या पावत्या, सगळं. पण देवीला ती अक्षरं येत नाहीत अशी सगळ्यांची खात्री. तिला अर्ज जुन्या अक्षरांतच द्यायचा. त्यावर माझं चाललं आहे. लोक सांगतात, मी पिवळ्या कागदावर लिहितो, ते देवीपुढे ठेवतात आणि अंगणातल्या भट्टीत जाळतात. जाळण्याआधी वाचणारा कोणी नाही, आणि जाळल्यावर जी वाचते ती तक्रार करत नाही. एखाद्या नावाचं अक्षर अडलं तर जवळपासचं दुसरं ठोकून देतो. आजही दिलं. देवी समजून घेते.

पण परवा घरात वाचणारी येते आहे. तिसरीतली! तिकडची तिसरीतली पोरं वर्तमानपत्र वाचतात असं ऐकतो. दोनदा मीठ-पाणी प्यायलो.

५ जुलै, शुक्रवार

आल्या. थोआ वाळली आहे. पोर चष्मेवाली, कपाळ तिच्या आजीचं – माझ्या बायकोचं. वाकून नमस्कार केला आणि आईच्या मागे गेली.

ओसरीवर न्हाम वहिनी आणि आणखी चार बायका येऊन बसलेल्या, सूर्यफुलाच्या बिया सोलत. खेळ बघायला आल्यासारख्या. मी सहाण काढली, शाई उगाळली. उगाळता येईल तेवढा वेळ उगाळली. कागद पुढे ओढला. आता काय लिहायचं? स्वर्ग येतो, कृपा येते, पाप, धूप, दंडवत, कुटुंब, आरोग्य येतं. 'प्रवासात त्रास नाही ना झाला' येत नाही. माझी सगळी अक्षरं देवीशी बोलायची. माणसांशी बोलायची शिकलोच नाही.

हात आपोआप चालला. लिहून गेलो ते असं – 'हा अज्ञानी, पापी सेवक धूप लावून, शंभर दंडवत घालून आपल्या चरणी विनवतो की आपण भात खाल्ला किंवा कसे.'

पेइआनने वाचलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाचलं. मग इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागली. आईला त्यांच्या भाषेत सांगितलं, तर थोआही हसली, तोंडावर हात धरून. मग पोरीने कुंचला घेतला आणि माझ्या ओळीखाली एकच अक्षर काढलं. तेवढं मला बरोबर वाचता आलं. देवळात काचेत ठेवलेल्या जुन्या राजाज्ञेवर ते आहे – मंजूर.

न्हाम वहिनींनी मान लांब केली. "काय म्हणते हो, गुरुजी?"

"माझ्या तब्येतीची चौकशी करते आहे," मी म्हटलं.

"एका अक्षरात?"

"जुनी भाषा आहे, वहिनी. आटोपशीर असते."

६ जुलै, शनिवार

नाळीची भाजी खावी म्हणून नातीला अर्ज दिला. दंडवत दोनशे घातले. नामंजूर.

१० जुलै, बुधवार

आमचं राज्य सुरळीत चाललं आहे. मी अर्ज करतो, ती हुकूम काढते. तळ्यावर जाण्याचा अर्ज मंजूर. डास चावतात म्हणून लांब बाह्यांचा सदरा घालण्याचा अर्ज नामंजूर. आज तर कागदाला स्वतःच्या अंगठ्याचा लाल शिक्का मारला. लिपस्टिक थोआची.

देवळातही येऊन बसते. लोकांना वाटतं, केवढी विद्या घरात वाहते आहे! माझी मात्र पाठ घामाने भिजलेली असते. आज एका बाईचा अर्ज लिहीत होतो, तर पोरीने माझं मनगट धरलं. 'कृपा' या अक्षरात मी एक रेघ जास्त देतो. मग बोटाने ते अक्षर हवेत काढून दाखवलं – असं. देवीला मी कित्येक वर्षं जादा रेघेची कृपा मागत होतो. देवीने कधी बोलून दाखवलं नाही. बाईला सांगितलं, "नात शिकते आहे, चुकते अधूनमधून."

थोआ रोज सकाळी तालुक्याला जाते. खरेदी आहे म्हणते. हात हलवत परत येते. तब्येतीचं तर काही नाही ना? विचारलं, तर म्हणाली, बाबा, तुम्ही उगाच काळजी करता. उगाच कुठे? मी नेहमीच करतो.

१७ जुलै, बुधवार

पौर्णिमा.

दर वर्षी या पौर्णिमेला थोआच्या घरासाठी अर्ज देतो. आज ती स्वतः इथे, म्हणून कुंचला घेऊन ऐटीत बसलो. ती पलीकडे न्हाम वहिनींकडून उदबत्त्या घेत होती. रिवाजाप्रमाणे घरधनी पहिला – जावयाचं नाव लिहिलं. पेइआनने नावावर बोट ठेवलं. मला वाटलं, पुन्हा रेघ चुकली. ती मान हलवत होती. मग तिने कोपऱ्यातला कोरा तुकडा ओढला आणि चार अक्षरं लिहिली.

पिता. आहे. दुसरं. घर.

चारही मला येतात. 'पिता' आणि 'घर' तर प्रत्येक अर्जात असतात. अडली असती एखादी, तर मान डोलावून मोकळा झालो असतो. मी पोरीकडे पाहिलं. तिने आणखी दोन लिहिली – दोन वर्षं. आणि चष्मा वर सारला, जसा एखादा कारकून काम उरकल्यावर सारतो.

थोआ उदबत्त्या घेऊन आली. "झालं, बाबा?"

मी म्हटलं झालं. तो तुकडा अर्जाच्या घडीत सारला आणि जावयाच्या नावासकट सगळं भट्टीत टाकलं. एकाच पाकिटात देवीला दोन्ही बातम्या पोचल्या. आता ती काय ते ठरवो.

२१ जुलै, रविवार

म्हणजे दोन वर्षं फोनवर 'हे बरे आहेत, हे तुम्हाला नमस्कार सांगतात' चाललं होतं. का? ते मला ठाऊक आहे. देवळाच्या दारातल्या प्रत्येक माणसाला मीच जावयाचा कारखाना ऐकवला आहे. दर खेपेला कारखाना थोडा मोठा व्हायचा. आता माझा कारखाना राखायला लेक खोटं बोलते आहे. तालुक्यातली रोजची खरेदी म्हणजेही बहुधा कामाचा शोधच.

आज जेवताना तोंडातून गेलं, "जावई बरे आहेत ना?" जीभ चावली, पण गेलं ते गेलं. ती म्हणाली, "बरे आहेत," आणि माशाच्या पोटाचा मऊ तुकडा काढून माझ्या वाडग्यात घातलं. तिला कळायला नको की मला कळलं आहे. मला कळलं आहे हे तिला सांगावं तर तिने सांगितलेलं नाही. पोरीने सांगितलं म्हणावं तर पोरीवर चिडेल.

तोंडाने म्हणता येत नाही ते इथे लिहितो. थोआ, इथेच राहा. वरची खोली आहे. भात दोघींना पुरेल एवढा आहे. लोकांचं मी बघेन. न्हाम वहिनींना बहुधा माझ्या आधीच ठाऊक असेल. तुझ्या आईला तुला फार दूर दिलेलं आवडलं नव्हतं, मीच हट्ट केला. परत जाऊ नकोस.

२६ जुलै, शुक्रवार

न्हाम वहिनींनी बाजारातून पहिलीचं पुस्तक आणून पेइआनला रोमन अक्षरं शिकवायला घेतली. "तुमची देवाची अक्षरं राहू द्या गुरुजी, पोरीला दुकानाची पाटी तरी वाचता येऊ दे." आठवडाभरात पोर पाट्या वाचत सुटली आहे! 'पंक्चर काढून मिळेल.' 'इथे भाजलेलं बदक मिळेल.' खणखणीत आवाज, सगळे हेल जिथल्या तिथे. अर्थ मात्र एका शब्दाचा कळत नाही. बैलाच्या गळ्यातल्या घंटेसारखी वाजते.

गंमत आहे. जुन्या अक्षरांत आम्ही दोघं एकमेकांचं समजतो, पण आवाज नाही. या अक्षरांत तिचा आवाज आहे, समजत काहीच नाही. गावाला इकडून तिकडे जायला एक आयुष्य लागलं. हिला आठवडा पुरतो आहे.

मला आवडलं नाही. लिहून ठेवतो, उगाच मोठेपणा कशाला.

२९ जुलै, सोमवार

अर्ज दिला – आज तळ्यावर यावे. उत्तर नाही. ती 'मीठ-मसाल्याची पुडी' वाचण्यात गुंग.

थोआ परतीच्या तिकिटाचं नाव काढत नाही. मीही काढत नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

देवळातून आलो तर स्वयंपाकघरातून पेइआनचा आवाज. उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर माझी ही रोमन अक्षरांतली वही. वही लपवायची मला कधी गरजच पडली नव्हती. बोट ओळीखाली फिरवत मोठ्याने वाचत होती, एकही हेल न चुकता – वरची खोली आहे, भात दोघींना पुरेल एवढा आहे, परत जाऊ नकोस. मला पाहून थांबली आणि शाबासकीसाठी मान वर केली.

थोआ पाठमोरी उभी. तांदूळ धुवायला घेतलेले, नळ तसाच चालू.

"बाबा," ती वळली नाही, "वरच्या खोलीचं छप्पर गळतंय."

मी म्हटलं, उद्याच माणूस बोलावतो.