अनवाणी

मंगळवार, १४ मे

आज हे मला व्यसनमुक्तीच्या मीटिंगला घेऊन गेले. वर्षभर प्यायले नाहीत म्हणून टाळ्या पडल्या. हे उठून म्हणाले, "सगळी गडावरच्या देवीची कृपा." मान्य. पण इंदिरानगरच्या तापल्या डांबरावर अनवाणी कोण चाललं? नवस मी बोलले होते, यांची दारू सुटेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही.

मग तिथले सर म्हणाले, "दारू कायमची सुटत नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी टाचांच्या भेगांकडे बघत बसले. सुटतच नसेल, तर माझा नवस फिटणार कधी?

घरी आल्यावर हे "जरा जाऊन येतो" म्हणाले. किती वेळ लावला! माझा जीव टांगणीला. आले ते खोकं घेऊन. आत नव्या चपला.

"घाल आता. तुझ्यामुळंच झालं सगळं."

हेच ऐकायचं होतं ना मला? तरी जवळ जाऊन आधी यांच्या तोंडाचा वास घेतला. नव्हता. मग देवीला हात जोडले.

यांनी ते पाहिलं. चपला परत खोक्यात ठेवल्या.