मागच्या काठाचा निरोप

८ फेब्रुवारी, रविवार. अमरावती

बारा अंडी, कवचात कापलेल्या बारा खिडक्या, आणि एकही बलक फुटला नाही!

गेल्या महिन्यात दुकानातली अंडी आणून चार दिवस ऊब दिली होती. काहीच झालं नाही. चंद्रभान सर, म्हणजे माझे गाईड, चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "बाई, त्या कोंबड्यायनं कोंबडा पायला तरी हाये का?" या खेपेला आईच्या कोंबड्यांची अंडी तेल्हाऱ्याहून भुशात घालून आणली.

साडेतीन दिवसांच्या पिल्लाला पंखाच्या जागी नुसता कोंब असतो. त्या कोंबाच्या मागच्या काठच्या पेशी शेजारच्या पेशींना निरोप धाडतात. जवळ जोरात पोचतो, लांब हळू, आणि त्यावरून कोणतं बोट कुठे हे ठरतं. मी एका कोंबाचा मागचा काठ, खसखशीहून बारीक, कापून दुसऱ्या कोंबाच्या पुढच्या काठाला बसवला. आता दोन्हीकडून निरोप जाईल. तीनऐवजी सहा बोटं यायला हवीत.

डावा ग्लोव्ह नेहमीच्याच जागी फाटला. तिथे हाताच्या कडेला गाठ आहे, लहानपणी विळी लागली होती. लॅबमधली आचल म्हणते, तुझ्या एकटीपायी कॉलेजचे ग्लोव्ह संपतील.

९ फेब्रुवारी

मावशी झाले! पायलताईला मुलगी. सरांनी सुट्टी दिली नाही, पेढे मात्र मागितले.

१० फेब्रुवारी

आईचा फोन. बाळाच्या डाव्या करंगळीला लागून एक इवलंसं सहावं बोट आहे म्हणे. मला हसूच आलं. म्हटलं, माझ्या अंड्यात यायचं ते तिच्याकडे गेलं. आई हसली नाही. "डॉक्टरीन म्हनते, काई बिघडत नाही, पुढं काढता येते." पण आवाज बारीक होता.

१२ फेब्रुवारी

ताईच्या सासूबाई, भागीरथाबाई, बार्शीटाकळीहून नात पाहायला आल्या होत्या. मूठ उघडली आणि म्हणाल्या, "गरहनात वांगे चिरले ना इनं. मी सांगून राहिली व्हती." शांती केल्याशिवाय नातीला घरी नेणार नाही, असंही सांगून गेल्या. ताई फोनवर रडत होती. "चिरले व्हते मी, नीलम. दोनच."

इतका राग आला! बाळंतिणीला दोन वांग्यांसाठी रडवायचं? मग शांतपणे बोटांवर महिने मोजले. ताईला दिवस गेले मे महिन्यात. गर्भाची बोटं दोन महिन्यांत सुटी होतात, म्हणजे जुलैतच. ग्रहण सप्टेंबरातलं. वांगी चिरली तेव्हा ते बोट केव्हाच तयार होतं. ताईला समजावलं. तिने नाक ओढलं. मग म्हणाली, "मले पटते. सासूले कोन सांगन?"

मी सांगेन. बारसं बावीसला आहे.

१३ फेब्रुवारी

सर म्हणाले, असं बोट पुष्कळदा घराण्यातूनच येतं, एखादी पिढी लपूनही बसतं, घरी विचार. आईला विचारलं. "आपल्या घरात? कोनालेच नाही." लगेच म्हणाली. मग पांढऱ्या कोंबडीचं सांगत बसली.

१५ फेब्रुवारी

पाच अंडी गेली. सात शिल्लक. दहा दिवस भरले, आज ती काढून रंगात टाकली. जेवण गेलं नाही.

१८ फेब्रुवारी

निळा रंग चढला. सहांमध्ये तीन-तीन बोटं, शिस्तीत. सातव्यात — मोजली, परत मोजली, आचलला मोजायला लावली — सहा! सर सूक्ष्मदर्शकावरून उठेचनात. शेवटी आचल म्हणाली, "सर, आमालेबी पाहू द्या."

२२ फेब्रुवारी, रविवार. तेल्हारा

सहा बोटांच्या पंखाची बाटली मांडीवर धरून एसटीने अकोटमार्गे आले. शेजारच्या बाईने विचारलं, लोणचं का? मी हो म्हटलं.

बारशाला बायका जमल्यावर भागीरथाबाईंच्या हातात भिंग दिलं, बाटली पुढे ठेवली. "सहा बोटं आहेत. याच्या मायनं कोणत्या गरहनात वांगे चिरले?" जरा आगाऊपणा झाला, पण ताई बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसली. जुलै-सप्टेंबरही सांगून टाकलं.

त्यांनी भिंगातून सहाही बोटं मोजली. मग भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "मानलं. पन हे तं तू केलं. पोरीचं कोनं केलं? दोनी घरी कोनालेच नाही म्हनता."

सवाल अगदी बरोबर होता. आई तेवढ्यात पाणी आणायला म्हणून आत गेली, ती आलीच नाही. बाळाला पाळण्यात घातलं, नाव मात्र ठेवलं नाही. शांतीनंतर पाहू, भागीरथाबाई म्हणाल्या. ताईचं तोंड पुन्हा उतरलं. फार वाईट वाटलं मला.

२३ फेब्रुवारी

सकाळी आईने माझा डावा हात ओढून घेतला आणि करंगळीखालच्या गाठीवर अंगठा ठेवला. "विळी नव्हती लागली. तुलेबी सहावं बोट व्हतं. घोड्याच्या केसानं बांधलं, आठ दिवसात गळून पडलं. तुयं लगन व्हाचं, म्हनून बोलली नाही."

"अन् ताईचं काय?" एवढंच म्हटलं मी.

आईने स्वतःच बार्शीटाकळीला फोन लावला. "इहीनबाई, वांग्यानं नाही. आमच्याच घरचं हाये ते. माह्या नीलमले व्हतं."

फोन स्पीकरवर होता. मग भागीरथाबाई म्हणाल्या, "मंग शांती राहू द्या. रविवारी येतो, नाव ठेवू. अन् केस-बीस बांधू नका पोरीले."